टेंबेबाईंचा सात नंबर

माझी बायको हौसा गेली त्याला चार महिने झाले. तेव्हापासून मुलगी रोज पुण्याहून फोन करते आणि पहिला प्रश्न विचारते, "बाबा, काल काय खाल्लं?" मी वरणभात म्हणून ठोकून देतो. चहात बुडवून बिस्किटं खाल्ली असं एकदा खरं सांगितलं, तर ती फोनवरच रडायला लागली. आता रोज वरणभात. पण हा प्रश्न कानावर पडला की मला टेंबेबाई आठवतात. बाई कुणालाच नमस्कार म्हणायच्या नाहीत. साहेब असो, झाडूवाला असो, समोर आला की, "काल काय खाल्लं?" उत्तर आलं की लगेच दुसरा प्रश्न, "किती वाजता?" नवा माणूस पार बावचळून जायचा. एका मोठ्या साहेबाला त्यांनी हे दारातच विचारलं, आणि तो बिचारा "कचोरी" म्हणून गेला. त्यावर बाई म्हणाल्या, "दिसतंच आहे."

माझं शिक्षण म्हणाल तर सातवीत दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा शाळेनेच हात टेकले. गाव सातारा जिल्ह्यातलं. लष्करात बावीस वर्षं कुक होतो. शेवटची बदली जयपूरला होती, तिथूनच पेन्शनीत निघालो. पोरीची शाळा चालू होती म्हणून मालवीय नगरात दोन खोल्या घेतल्या, त्या खोल्यांत अजून आहे. ऐंशी-पंच्याऐंशीच्या दरम्यान मला एका लॅबमध्ये कामगार म्हणून नोकरी लागली. लॅबचं नाव सांगत नाही. तिथे डॉक्टर टेंबे नावाच्या बाई अन्नातून विषबाधा करणाऱ्या जंतूंचा अभ्यास करायच्या. या लिहिण्यात जंतूंची जी माहिती येईल ती त्यांच्या तोंडून ऐकलेली आणि माझ्या डोक्यात जेवढी उरली तेवढी. चूक असेल तर ती माझी.

मुलाखतीत त्यांनी विचारलं, "स्वयंपाक येतो?"

मी छाती काढून म्हणालो, "तीनशे माणसांचा येतो, बाई."

"मला माणसांचा नकोय. जंतूंचा करायचाय. नखं दाखवा."

मी दोन्ही पंजे पुढे केले. त्यांनी ते सराफाने दागिना बघावा तसे उलटेपालटे करून पाहिले आणि मला ठेवून घेतलं. नखं ही त्यांची जुनी खोड. कुठल्याही माणसाचं तोंड बघायच्या आधी त्या नखं बघायच्या. लग्न केलं नव्हतं. कुणी फार खोदलं तर सांगायच्या, "मुलगा आला होता बघायला. नखं बघितली आणि नको म्हटलं." खरं की खोटं देव जाणे.

माझं काम म्हणजे काचेच्या बशा आणि नळ्या धुवायच्या, मोठ्या कुकरात वाफवायच्या आणि जंतूंचं खाणं शिजवायचं. मांसाचा रस्सा करायचा आणि तो चायना ग्रासने घट्ट करून बशांत ओतायचा. पहिल्या आठवड्यातच मी पराक्रम केला. रस्सा उकळला आणि सवयीने चमचाभर चाखला. एकदम अळणी. बावीस वर्षं मेसमध्ये काढलेल्या माणसाला ते सहन होईना. भरली मूठ मीठ टाकलं, ढवळलं, बशा भरून ठेवल्या.

दोन दिवसांनी बाई बशा बघून चक्रावल्या. जिथे आठ-दहा तऱ्हेचे जंतू उगवायचे तिथे एकाच तऱ्हेचे पिवळे सोनेरी ठिपके. त्या माझ्याकडे वळल्या. "जाधव, यात काय घातलंत?"

"काही नाही."

"मीठ?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

मी मूठ दाखवली. त्यांनी मला तराजूपाशी नेलं, माझ्या हाताने तीन वेळा मूठभर मीठ टाकायला लावलं आणि तिन्ही वेळा वजन केलं. मग म्हणाल्या, "हे गृहस्थ खाऱ्यात जगतात, बाकीचे मरतात. साऱ्या जगाला ठाऊक आहे. तुम्ही काही नवीन शोधलेलं नाही, तेव्हा हसू नका. आणि पुन्हा रस्सा चाखलात तर तुम्हालाच बशीत ओतीन." जंतूंना त्या "हे गृहस्थ" म्हणायच्या. माणसांना एवढा मान द्यायच्या नाहीत. पण वहीत त्यांनी लिहिलं, "मीठ जास्त, जाधव यांच्या हातून." मी घरी जाऊन सांगितलं की शास्त्राच्या वहीत माझं नाव चढलं. हौसाने भाकरी थापता थापता विचारलं, "शिव्या किती खाल्ल्या?"

बाईंचं खरं वेड वेगळं होतं. एकाच नावाचा जंतू त्या ठिकठिकाणाहून गोळा करायच्या. दवाखान्यातून, लग्नाच्या मांडवातून, मिठाईच्या दुकानातून, जयपूरजवळच्या चाकसूच्या शीतलामातेच्या जत्रेतून. जत्रेत लोक आदल्या दिवशी रांधलेलं थंड अन्न देवीला दाखवून खातात. बाई आधी देवीपुढे हात जोडायच्या, मग पिशवीतून बाटल्या काढायच्या. मी एकदा विचारलं, "जंतू तोच, तर शंभर ठिकाणचा कशाला?"

"साताऱ्यात जाधव किती?"

"भरपूर."

"सगळे तुमच्या भाऊबंदकीतले?"

"छे. काहींचं तर आम्ही पाणीही पीत नाही."

"तसंच यांचं. आडनाव एक, घराणी वेगळी. कोण कुठल्या घरचा ते कळलं, की कुठून आला ते कळतं."

घराणं ओळखायची तऱ्हा मोठी मजेशीर होती. जंतू फोडून त्याच्या आतला वारसा, बाई त्याला डीएनए म्हणायच्या, तो काढायचा, एका जेलीच्या पाटीला ओळीने खाचा पाडून त्यात थेंब थेंब सोडायचा आणि तिच्यातून वीज खेळवायची. मग ती पाटी जांभळ्या दिव्यावर धरली की प्रत्येक खाचेखाली नारिंगी पट्टे दिसायचे, शिडीच्या पायऱ्यांसारखे. एका घराण्याची शिडी एकसारखी, दुसऱ्याची वेगळी. पाटीचा साचा बाईंनी गाड्यांच्या नंबरप्लेटी बनवणाऱ्याकडून करून घेतला होता. जेली मी ओतायचो, आणि मला सांगायला लाज नाही की तशी सुरेख जेली बाईंनाही जमायची नाही. भिंतीवर त्यांनी पेन्सिलीने शंभर शिड्या काढून ठेवल्या होत्या. एखादी कुठल्याच शिडीशी जुळली नाही की खूष. "हे गृहस्थ नवीन दिसतात," म्हणत खुर्ची ओढून बसायच्या.

त्यांचा एक नियम होता. नमुन्याला नंबर द्यायचा, माणसाचं नाव तोंडातून काढायचं नाही. बस्सी गावाला एका लग्नात वऱ्हाडातले निम्मे लोक ओकायला लागले तेव्हा आम्ही बर्फाची पेटी घेऊन बसने गेलो. बाईंनी बर्फी घेतली, मावा घेतला, मग सगळ्या हलवायांना रांगेत उभं करून कापसाच्या काडीने एकेकाच्या नाकातून नमुना घेतला. एक जण सुई समजून भिंतीवरून उडी टाकून पळाला, त्याला मी शेतातून धरून आणला. आठ दिवसांनी नवरीचा बाप लॅबवर आला, मिशा थरथरत होत्या.

"मैडम, नाम बताइए. किसके हाथ से हुआ?"

"नाम नहीं है. चार नंबर है."

"चार नंबर कौन?"

"वो मेरी कॉपी को मालूम है."

"मेरी बिरादरी में नाक कट गई, और आप नंबर बता रही हैं?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "नाक का इलाज चार नंबर को चाहिए, आपको नहीं." तो पाय आपटत गेला. दुसऱ्या दिवशी बाई एकट्या बसने बस्सीला गेल्या, त्या हलवायाला बाजूला घेऊन औषध दिलं आणि महिनाभर माव्याला हात लावायचा नाही असं बजावून आल्या. हे मला त्या हलवायानेच पुढे सांगितलं. बाईंनी मला त्याचं नावही सांगितलं नाही. आणि मी म्हणजे त्यांचा उजवा हात, असं मी समजत होतो.

आता उजव्या हाताचंच सांगतो.

होळी उलटली की आमच्या गल्लीत बास्योड्याचा सण असतो. सप्तमीला रांधायचं, अष्टमीला चूल पेटवायची नाही आणि शीतलामातेला दाखवून सगळं थंडच खायचं. आम्ही त्या गल्लीत नवीन. हौसाला हिंदी धड येत नव्हतं, त्यामुळे बायका तिच्याशी हसून पुढे जायच्या. त्या वर्षी पहिल्यांदा समोरच्या शर्मांच्या माँजींनी तिला बोलावून सांगितलं, "जाधवन, तू भी कुछ बना ला." हौसा इतकी खूष, की तिने चार घरांच्या पुरणपोळ्यांचा घाट घातला.

आणि माझ्या मधल्या बोटाला झालं होतं नखुरडं. टरटरून पू धरलेला. बाईंनी सकाळीच ते पाहून मला हाकललं होतं. "बशांना हात लावायचा नाही. घरी जा. बरं होईपर्यंत कशालाच हात लावू नका." मी घरी आलो. हौसाने डाळ शिजवून ठेवली होती आणि शेजारणीचं पुरणयंत्र मागायला निघाली होती. मी म्हणालो, "यंत्राचं पुरण चिकट होतं. पाट्यावर मी वाटतो. तीनशे माणसांचं वाटलंय." चिंधी सोडून ठेवली आणि बसलो वाटायला. काचेच्या बशीला लावायला ज्या हाताला बंदी होती, तो हात मी चार घरांच्या पुरणात घातला. वरून पुरण दुपारभर पातेल्यात झाकून ठेवलं, पोळ्या लाटल्या संध्याकाळी.

अष्टमीला सकाळी मला चहा लागला. हौसा म्हणाली, आज चूल पेटवायची न्हाई. मी म्हणालो, स्टोव्हला चूल म्हणत नाहीत. तिने दार लावून गपचूप स्टोव्ह पेटवला. मी चहा-टोस्ट खाऊन झोपलो, कारण शिळं मला पचत नाही.

जेवणं दुपारी झाली. चार वाजेपर्यंत चारही घरं ओकत होती. हौसासुद्धा. तशातच ती शेजारणींच्या पायऱ्या धूत फिरत होती. माँजींचं वय सत्तरीच्या पुढे, त्यांना दवाखान्यात सलाईन लावायला लागलं. हौसा दवाखान्यात गेली तर सुनेने दारातच अडवलं. "आप रहने दीजिए, भाभीजी." गल्लीत कुणीतरी स्टोव्हचा आवाज ऐकला होता. मराठणीने मातेच्या दिवशी आग पेटवली, माता कोपली, असं झालं. दोन दिवसांत सगळे उठून बसले, माँजीही घरी आल्या, पण हौसाच्या डोक्यात ते पक्कं बसलं. आणि मी काय केलं? मी म्हणालो, "तुला कुणी सांगितली होती नसती हौस? डाळच कच्ची राहिली असेल."

तरी मला लॅबचा माज होता. म्हटलं, पोळीवर सगळ्यांनी दूध घेतलं असणार, तेव्हा हे दूधवाल्याचंच पाप, आपण शास्त्राने सिद्ध करू. उरलेल्या पुरणाची वाटी घेऊन मी बाईंकडे गेलो. बाईंनी पहिलं विचारलं, "खाल्ल्यावर किती तासांनी?"

"तीन-साडेतीन."

त्यांची नजर माझ्या पट्टीवर गेली. मी हात मागे घेतला. पण लगेच वाटलं, पोळ्या तर तव्यावर भाजल्या होत्या, जंतू मेलाच असणार. ते मी बोलूनही दाखवलं.

बाई म्हणाल्या, "हे गृहस्थ तव्यावर मरतात. त्यांनी आधी सोडलेलं विष मरत नाही."

त्या गल्लीत आल्या, घराघरांतून नमुने घेतले, दूधवाल्याच्याही नाकात काडी घातली. पुरण एक नंबर. दोन ते पाच नंबर घरटी एक आजारी माणूस. सहा नंबर हौसाचं नाक. सात नंबर माझं बोट. आठ दूधवाला.

पाटी मीच ओतली. वीज संपली तेव्हा बाई बाहेर होत्या, म्हणून दिव्यावर मीच धरली. दूधवाल्याची शिडी वेगळी. सहा नंबरची वेगळी, एकच पायरी. एका घरात राहून हौसाचे जंतूही माझ्या घराण्यातले नव्हते. एक आणि सात मात्र पायरीला पायरी. दोन ते पाचही तशाच. मी पाटी खाली पाडली. पडली नाही, पाडली.

बाई आल्या, फरशीवरचे तुकडे पाहिले आणि म्हणाल्या, "पुन्हा ओता."

पुन्हा ओतली. पुन्हा तेच. या वेळी त्या दिव्यापासून हलल्या नाहीत. फोटो काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"अहवालात सात नंबर जाईल," त्या म्हणाल्या. "घरी सात नंबर म्हणून चालणार नाही."

"बाई, तुम्हीच सांगा ना. तुमचं ती ऐकेल."

"बोट माझं आहे का?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला काल काय खाल्लं हे विचारणं बंद केलं. सकाळी आल्या की म्हणायच्या, "सांगितलं?" मी म्हणायचो, "आज सांगतो." असे पंधरा दिवस गेले. लष्करातला माणूस, दोन लढायांच्या वेळी सीमेवर भट्ट्या पेटवलेला, आणि बायकोसमोर एक वाक्य बोलता येईना. रोज ताटावर बसायचो, तोंड उघडायचो आणि मीठ मागायचो.

तेवढ्यात हौसाने नवस बोलून टाकला. अनवाणी चालत चाकसूला जायचं आणि मातेची माफी मागायची. उन्हाळा सुरू झालेला, चाकसूकडे जाणाऱ्या टोंक रोडचं डांबर पायाला चिकटायचं, आणि तिचा उजवा गुडघा दाराच्या दोन पायऱ्यांनाही कुरकुरायचा. मी म्हणालो, बसने जा. ती म्हणाली, "पाप म्या केलं, बस कशापायी?" सोमवारी पहाटे निघायचं ठरलं. मी बाईंना हे सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, त्या काहीतरी सोडवतील असं वाटलं असेल. बाईंनी फक्त विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी पाण्याची बाटली घेऊन सोबत जाईन म्हणतो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जंतूंकडेसुद्धा कधी तसं पाहिलं नसेल.

बाईंची हैदराबादला बदली आधीच झाली होती. निघाल्या त्या रविवारी, भर दुपारच्या गाडीने. सामान पुढे गेलं होतं. सगळी घराणी मात्र बर्फाच्या पेटीत, मांडीवर. मी स्टेशनवर जायला कपडे करत होतो, तर बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. बाईच दारात. हौसा उंबऱ्याशी सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"हौसाबाई, जाधवांना तुम्हाला काही सांगायचंय. मला गाडी गाठायचीय. दहा मिनिटं मी रिक्षात बसते."

आणि वळून निघून गेल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

हौसाने वर पाहिलं. "काय सांगायचंय?"

"काही नाही."

"मग त्या काय उगं आल्या व्हय उनाच्या?"

मी सांगितलं. उभ्यानेच, शर्टाची बटणं लावत, एका बटणाला दोनदा हात गेला. ती तांदूळ निवडत होती. मधे एकदा थांबली.

"मंजी चहाचं काई न्हवतं?"

"नव्हतं."

"मातेचा कोप न्हवता?"

"माझं नखुरडं होतं."

तिने दोन-तीन खडे काढून बाजूला टाकले. "तुमास्नी कवा कळलं?"

हा प्रश्न येणार हे मला पंधरा दिवस माहीत होतं. "पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिस," ती म्हणाली. "पंधरा दिस म्या माँजीच्या दारावरनं मान खाली घालून जातीया. आन तुमी ताटावर बसून मीठ मागताया."

तिने सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले, उठली आणि माझं मनगट धरलं. गुडघा कुरकुरला नाही. ओढतच मला समोरच्या घरी नेलं. माँजी खाटेवर बसल्या होत्या, सुना आतून बाहेर आल्या. हौसाने माझा हात माँजींच्या नाकासमोर धरला आणि आयुष्यातलं सगळ्यात लांब हिंदी बोलली.

"माँजी, ये देखो. मैं नहीं, माता नहीं, आग भी नहीं. ये उंगली. इनकी उंगली में पू था, और इन्होंने पुरन में डाली. अब माफी ये मांगेंगे."

माँजींनी चष्मा लावून बोट बघितलं. तोवर ते पार बरं झालं होतं, नुसता डाग उरला होता. "इत्ती-सी?" त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "फौज में भी यही खिलाते थे क्या?" सुना तोंडाला पदर लावून हसल्या. मी माफी मागितली. माँजींनी हौसाला खाटेवर जागा करून दिली. ती म्हणाली, "बाद में, माँजी. और घर हैं."

पुढल्या वर्षी ती माँजींबरोबर बसने चाकसूला गेली. चार महिन्यांपूर्वी तिला शेवटचं कुंकू लावायला त्याच सुना आल्या होत्या, आता त्यांचेही केस पिकलेत. पण हे नंतरचं.

त्या दुपारी आम्ही माँजींच्या दारातून बाहेर पडलो तेव्हा रिक्षा गल्लीच्या तोंडाशी अजून उभी होती. टेंबेबाई पेटी मांडीवर धरून बाहेर वाकल्या होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं, आम्ही दुसऱ्या दाराकडे वळलो तेही पाहिलं, आणि रिक्षावाल्याच्या खांद्याला बोट लावून निघायला सांगितलं. त्यानंतर त्या मला कधी दिसल्या नाहीत. मला निदान नमस्कार करायचा होता. पण हात हौसाच्या मुठीत होता, आणि तिची अजून तीन घरं बाकी होती.